मेमरी वाढविल्यावर संगणक का अडखळतो?



आर्थिक वर्ष संपत आले की पेढीवरील संगणकाकडून आपल्या अपेक्षा एकाएकी वाढतात. वर्षभराच्या नोंदी, मालसाठ्याची यादी, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, बँक खात्याचा मेळ, या साऱ्यांचा भार एकाच यंत्रावर पडतो आणि ते मंदावते. मग तंत्रज्ञ सुचवितो, "रॅम वाढवून घ्या." आधीच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्यांशेजारी तेवढ्याच आणखी दोन बसविल्या जातात. संगणक ३२ जीबी मेमरी दाखवितो, वेग सुधारतो आणि सर्वांचे समाधान होते.

दोन-चार दिवसांत मात्र तक्रारी सुरू होतात. कधी पडदा निळा होऊन त्यावर 'मेमरी मॅनेजमेंट' असे शब्द उमटतात. कधी काम चालू असताना यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते. कधी सकाळी बटण दाबल्यावर पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. कधी हिशेबाचे सॉफ्टवेअर फाइल वाचता येत नसल्याचे सांगते आणि पुन्हा उघडल्यावर तीच फाइल निमूटपणे उघडते. तंत्रज्ञ नव्या पट्ट्या काढतो, तेव्हा यंत्र सुरळीत चालते. म्हणून त्या सदोष ठरवून बदलल्या जातात. बदललेल्या पट्ट्यांनीही तोच अनुभव येतो. जुन्या काढून केवळ नव्या लावल्या, तरी यंत्र सुरळीत चालते. म्हणजे दोन्ही जोड्या स्वतंत्रपणे निर्दोष आहेत आणि एकत्र आल्या की बिघाड होतो. हा प्रकार वाटतो तितका विरळा नाही. त्याची कारणे आणि त्यावरील उपाय या वेळच्या सदरात पाहू.

प्रश्न गैरसोयीपुरता नाही

यंत्र मध्येच बंद पडणे ही गैरसोय आहे. परंतु व्यापाऱ्याने भ्यावे, ती गोष्ट निराळी आहे. आपण केलेली प्रत्येक नोंद डिस्कवर जाण्यापूर्वी काही काळ रॅममध्ये असते. तेथे प्रत्येक आकडा शून्य आणि एक या दोन चिन्हांत साठविलेला असतो. मेमरी अस्थिर असेल, तर त्यांतील एखादे चिन्ह उलटू शकते. समजा, १००० ही रक्कम पूर्णांकाच्या रूपात साठविली आहे. तिच्यातील ८१९२ या किमतीच्या जागेवरील शून्याचा एक झाला, तर रक्कम ९१९२ होते. ५१२ या किमतीच्या जागेवरील एकाचा शून्य झाला, तर ती ४८८ उरते. यंत्र या बदलाची वाच्यता करीलच असे नाही. बदललेला आकडा डिस्कवर लिहिला गेला की पुढे तोच खरा मानला जातो.

"तेरीज जुळली आहे, मग चिंता कसली?" असे कोणी म्हणेल. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकविले जाते की, तेरीजपत्रक जुळणे हा हिशेब शुद्ध असल्याचा अंतिम पुरावा नव्हे. मूळ रक्कमच चुकीची असेल आणि तीच नावे व जमा अशा दोन्ही बाजूंना लागली असेल, तर तेरीज बिनचूक जुळते आणि हिशेब मात्र चुकीचा राहतो. रक्कम दोन्ही खात्यांत जाण्यापूर्वीच मेमरीत बदलली, तर नेमके हेच घडेल. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. आज मेमरीत उलटलेले एक चिन्ह इतका काळ आपल्या दप्तरात मुक्काम करू शकते.

म्हणून पहिला नियम असा: मेमरीविषयी संशय आला की त्या यंत्रावर नोंदी करणे तत्काळ थांबवावे. मुनीमजींनी "एवढी चार बिले टाकून घेतो" म्हटले, तरी मोह टाळावा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील दुरुस्तीची सोय किंवा विंडोज नव्याने टाकणे, हे उपायही यंत्र स्थिर होईपर्यंत योजू नयेत. सदोष मेमरीतून केलेली दुरुस्ती हीच नव्या बिघाडाला कारण ठरू शकते.

निर्दोष पट्ट्या एकत्र का नांदत नाहीत

पेढीवर आढळणाऱ्या बहुतेक डेस्कटॉप संगणकांत मेमरीसाठी चार स्लॉट असतात. परंतु प्रोसेसरपासून तेथपर्यंत जाणारे मार्ग दोनच असतात. त्यांना चॅनेल म्हणतात. प्रत्येक चॅनेलवर दोन स्लॉट असतात. दोन पट्ट्या योग्य जागी लावल्या, तर प्रत्येक मार्गावर एकच पट्टी येते. चार लावल्या की प्रत्येक मार्गावर दोन येतात आणि प्रोसेसरमधील मेमरी नियंत्रकावरचा विद्युतभार वाढतो. डीडीआर ४ प्रकारची पट्टी ३२०० या वेगाने चालते, तेव्हा प्रत्येक तारेवरून सेकंदाला ३२० कोटी संकेत जातात. एका संकेताला सेकंदाच्या अब्जांश भागाचा जेमतेम तिसरा हिस्सा मिळतो. इतक्या अल्प अवधीत दुसऱ्या पट्टीवरून परावर्तित झालेला संकेत पहिल्यात मिसळला, तर शून्य कोणते आणि एक कोणता, हे ओळखणे कठीण होते.

प्रोसेसरचे उत्पादक ही मर्यादा उघडपणे सांगतात. एएमडीच्या रायझन ३००० मालिकेसाठी दोन पट्ट्यांना ३२०० हा वेग अधिकृत आहे. चार पट्ट्या लावल्यास तो पट्टीच्या रचनेनुसार २९३३ किंवा २६६७ वर येतो. डीडीआर ५ मेमरी वापरणाऱ्या रायझन ७००० मालिकेत ही घसरण आणखी मोठी आहे: दोन पट्ट्यांना ५२००, तर चारांना केवळ ३६००. पट्टीच्या वेष्टनावर ६००० छापलेले असले, तरी चार पट्ट्या त्या वेगाने चालतील, असे आश्वासन प्रोसेसरच्या उत्पादकाने दिलेले नसते.

येथेच दुसरे कारण दडलेले आहे. वेष्टनावरचा मोठा आकडा मिळावा म्हणून बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाची सोय सुरू करतात. ही सोय मेमरीला तिच्या मूळ प्रमाणित वेगापेक्षा अधिक वेगाने आणि बहुधा अधिक दाबाने चालविते. डीडीआर ४ चा प्रमाणित दाब १.२ व्होल्ट आहे. एक्सएमपीमध्ये तो बहुधा १.३५ व्होल्ट होतो. दोन पट्ट्यांना हा ताण सोसतो. चारांना तो सोसेलच, याची खात्री नसते.

तिसरे कारण म्हणजे बेमेळ जोडी. उत्पादक दोन किंवा चार पट्ट्यांचा संच एकत्र तपासून विकतात. त्याच नावाचे दोन निरनिराळे संच वेगवेगळ्या वेळी घेतले, तर आतील चिप वेगळ्या असू शकतात, कारण नमुन्याचा क्रमांक तोच ठेवून चिप बदलण्याची पद्धत या व्यवसायात आहे. बाहेरून जुळी दिसणारी भावंडे आतून वेगळ्या स्वभावाची निघतात. याखेरीज चुकीचा स्लॉट, पूर्ण न बसलेली पट्टी, संपर्कबिंदूंवर साचलेली धूळ, जुने बायोस, प्रोसेसरच्या सॉकेटमधील वाकलेली पिन किंवा क्षीण झालेला पॉवर सप्लाय, ही कारणेही असू शकतात.

'पट्टी चांगली की वाईट?' हा प्रश्नच मुळात एकांगी आहे. अनेकांताची शिकवण आपल्याला सांगते की, वस्तूविषयीचे विधान कोणत्या अपेक्षेने केले आहे, ते आधी पाहावे. एखादी पट्टी या स्लॉटमध्ये, या वेगाने, एकटी असताना निर्दोष असते; दुसऱ्या पट्टीच्या सोबतीत, वाढीव वेगाने तीच सदोष वागते. दोन्ही विधाने आपापल्या अपेक्षेने खरी आहेत. तपासणी करताना हे भान ठेवले, तर विनाकारण पट्ट्या बदलण्याचा खर्च वाचतो.

आधी सुरक्षित प्रत

यंत्र उघडण्यापूर्वी हिशेबाची प्रत सुरक्षित करावी. मात्र संशयित यंत्रावर घेतलेली प्रत त्याच सदोष मेमरीतून जाते. म्हणून जुनी प्रत पुसून तिच्या जागी नवी ठेवू नये. शक्य असल्यास डिस्क काढून ती दुसऱ्या निर्दोष संगणकाला जोडावी आणि तेथे प्रत घ्यावी. ते शक्य नसेल, तर मूळच्या दोनच पट्ट्या लावून, एक्सएमपी बंद करून, मगच प्रत घ्यावी. ती दुसऱ्या संगणकावर उघडून तेरीज आणि शेवटच्या काही नोंदी पाहाव्यात. मेमरी वाढविण्यापूर्वीची एखादी प्रत उपलब्ध असेल, तर ती वेगळ्या पेन ड्राइव्हवर नाव व दिनांक घालून जपून ठेवावी. पुढील पडताळणीत तिचा फार उपयोग होईल.

तपासणीचा क्रम

हे काम तंत्रज्ञाकडून करून घेतले तरी चालेल. परंतु क्रम आपल्याला ठाऊक असावा आणि प्रत्येक पायरीचा निष्कर्ष वहीत लिहून ठेवावा. प्रत्येक पट्टीला पेन्सिलीने कागदाची खूण लावून १ ते ४ क्रमांक द्यावेत. एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले, तर गुण कशाने आला ते कळत नाही.

पहिली पायरी बायोसमधील. एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करून मेमरी मूळ प्रमाणित वेगावर आणावी आणि चारही पट्ट्यांसह यंत्र चालवून पाहावे. पुष्कळ प्रकरणे येथेच मिटतात. डीडीआर ५ असेल, तर पट्ट्या बदलल्यानंतर पहिल्यांदा सुरू होताना यंत्र मेमरीची जुळवाजुळव करते. त्यात कित्येक मिनिटे पडदा काळा राहू शकतो. बंद पडले असे समजून मध्येच वीज तोडू नये.

दुसरी पायरी बसवणीची. संगणक बंद करून वीजपुरवठ्याची वायर काढावी, पॉवरचे बटण काही क्षण दाबून उरलेला भार जाऊ द्यावा आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर विद्युत उतरवावी. पट्टी कडेने धरावी, सोनेरी बिंदूंना बोट लावू नये. हे काम घाईचे नव्हे, जयणेने करण्याचे आहे. पट्टी दाबताना स्लॉटच्या खिटीचा आवाज आला की ती नीट बसली, असे समजावे. पट्ट्या दोनच असतील, तर बहुतेक मदरबोर्डवर त्या प्रोसेसरपासून मोजता दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावतात. आपल्या मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेला क्रम अंतिम मानावा.

तिसरी पायरी एकेका पट्टीची. चारही पट्ट्या पाळीपाळीने एकाच स्लॉटमध्ये, एकेकट्या लावून तपासाव्यात. त्यासाठी मेमटेस्ट ८६ प्लस हे विनामूल्य साधन आहे. ते पेन ड्राइव्हवरून चालते आणि विंडोज सुरू होण्यापूर्वीच मेमरीची परीक्षा घेते. विंडोजमध्येही 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' हे साधन असते. परंतु दीर्घ परीक्षेसाठी पहिले अधिक उपयुक्त. परीक्षा रात्रभर चालू द्यावी आणि यंत्र यूपीएसवर ठेवावे. निकाल वाचताना एक भेद लक्षात घ्यावा. एकही चूक दिसली, तर ती मांडणी नापास झाली. 'हजारांत एकच चूक आहे, चालेल' असा हिशेब येथे करता येत नाही. उलट, चूक न दिसणे हा स्थिरतेचा भक्कम आधार असला, तरी संपूर्ण हमी नव्हे.

चौथी पायरी स्लॉटची. निर्दोष ठरलेली एक पट्टी चारही स्लॉटमध्ये क्रमाने लावून पाहावी. त्यानंतर जोड्या आणि शेवटी चारही पट्ट्या एकत्र, अशी परीक्षा घ्यावी.

आता वहीतील नोंदींवरून निष्कर्ष काढणे सोपे होते. पट्टी कोणत्याही स्लॉटमध्ये लावली तरी चूक तिच्यासोबतच जात असेल, तर दोष पट्टीचा. कोणतीही पट्टी लावली तरी एकाच स्लॉटमध्ये किंवा एकाच चॅनेलवर चूक येत असेल, तर दोष स्लॉट, मदरबोर्ड किंवा प्रोसेसरच्या बैठकीचा. तेथे सॉकेटची पिन आणि कूलर वाजवीपेक्षा अधिक आवळला आहे का, हे तज्ज्ञाकडून पाहून घ्यावे. प्रत्येक पट्टी व प्रत्येक स्लॉट एकेकटे उत्तीर्ण आणि चार एकत्र नापास, असा निकाल आला, तर कोणीही दोषी नाही. भार आणि वेग यांचा मेळ बसलेला नाही, इतकाच त्याचा अर्थ.

मेळ कसा बसवावा

या शेवटच्या परिस्थितीत तीन मार्ग आहेत. पहिला, बायोस अद्ययावत करून घेणे. मदरबोर्डचे उत्पादक त्यात मेमरीच्या जुळवणीच्या सुधारणा देत असतात. दुसरा, वेग कमी करणे. ३२०० ऐवजी २६६७ वर चारही पट्ट्या स्थिर राहत असतील, तर तो सौदा आनंदाने स्वीकारावा. जमाखर्चाच्या कामात हा फरक सहसा जाणवतही नाही. तिसरा आणि माझ्या मते सर्वांत सरळ मार्ग म्हणजे चार लहान पट्ट्यांऐवजी दोन मोठ्या घेणे. ८ जीबीच्या चार पट्ट्यांनी जी ३२ जीबी मेमरी होते, तीच १६ जीबीच्या दोन पट्ट्यांनी होते आणि प्रत्येक मार्गावर एकच पट्टी राहते. खरेदी करताना दोन्ही पट्ट्या एकाच संचातील असाव्यात आणि मदरबोर्डच्या उत्पादकाने तपासलेल्या मेमरीच्या यादीत तो नमुना असावा. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या दोहोंच्या पट्ट्यांना २८८ संपर्कबिंदू असले, तरी मधली खाच निराळ्या जागी असते. एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही, म्हणून प्रकार आधी पाहून घ्यावा.

पैसे मोजण्यापूर्वी आणखी एक विचार करावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडले की, परफॉर्मन्स या भागात किती मेमरी वापरात आहे, तिचा वेग किती आणि किती स्लॉट भरले आहेत, हे दिसते. ऐन कामाच्या वेळीही निम्मीच मेमरी वापरात असेल, तर मंदपणाचे कारण अन्यत्र, बहुधा जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमध्ये आहे. परिग्रहाचे परिमाण येथेही उपयोगी पडते. गरजेपलीकडील मेमरी वेग वाढवीत नाही आणि वर दोन पट्ट्यांचा विद्युतभार मात्र वाढविते.

मोठी उलाढाल असणाऱ्या आणि अनेक संगणकांचा हिशेब एकाच सर्व्हरवर ठेवणाऱ्या पेढ्यांनी चूक सुधारणाऱ्या, म्हणजे ईसीसी मेमरीचा विचार करावा. बेल प्रयोगशाळेतील गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये अशा स्वयंसुधारक संकेतांची रीत प्रसिद्ध केली. ईसीसी मेमरीत सामान्यतः दर ६४ चिन्हांसोबत ८ जादा चिन्हे ठेवली जातात; त्यांच्या आधारे एक चूक सुधारता येते आणि दोन चुका ओळखता येतात. मात्र प्रोसेसर आणि मदरबोर्ड या दोघांचा तिला पाठिंबा हवा. डीडीआर ५ मधील अंगभूत सुधारणा केवळ चिपच्या आतील चुकांपुरती आहे. प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर होणारी चूक ती सुधारीत नाही. विक्रेत्याने दोन्ही एकच असल्याचे सांगितले, तर हा फरक ध्यानात ठेवावा.

यंत्र स्थिर झाल्यानंतर

संगणक रात्रभराची परीक्षा उत्तीर्ण झाला आणि आठवडाभर न अडखळता चालला, म्हणजे काम संपले असे समजू नये. ज्या दिवशी मेमरी वाढविली, तेव्हापासून ती स्थिर झाल्याच्या दिवसापर्यंतच्या सर्व नोंदी संशयित मानून पडताळाव्यात. ही पडताळणी त्याच संगणकातील दुसऱ्या अहवालाशी करून भागत नाही. बाहेरील स्वतंत्र कागदाशी करावी लागते. बँकेच्या नोंदी बँकेच्या खातेउताऱ्याशी, खरेदीची बिले जीएसटीआर २बी या विवरणाशी, विक्रीची बिले छापील प्रतींशी, येणे-देणे पक्षकारांकडून मागविलेल्या खातेउताऱ्यांशी आणि साठा प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहावा. जुनी सुरक्षित प्रत हाती असेल, तर तिच्यातील त्या दिवसापर्यंतच्या शिलका आजच्या फाइलमधील त्याच तारखेच्या शिलकांशी जुळतात का, हेही पाहावे. नोंदी थोड्या असतील आणि मूळ कागद हाताशी असतील, तर जुन्या प्रतीवरून त्या नव्याने करणे अधिक श्रेयस्कर.

हे काम कंटाळवाणे आहे. परंतु पेढीची पत तिच्या वहीवर उभी असते आणि समोरचा व्यापारी आपण सांगितलेला आकडा विश्वासाने मान्य करतो. तो आकडा यंत्राने परस्पर बदललेला नाही, याची खात्री करून घेणे ही आपलीच जबाबदारी आहे. वाढीव मेमरीचा खरा हिशेब या पडताळणीनंतरच पूर्ण होतो.